आडवी लावलेली गाडी

मंगळवार आणि शुक्रवार हे सावित्रीकाकींचे डायलिसिसचे दिवस. त्या दिवशी सकाळी आठला सृष्टी मिठबावकर आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन जामसंड्यात त्यांच्या दारात उभी राही. काकींना मागे बसवायचं, लवूकाकांना पुढे, आणि नांदगाव, कणकवली करत ओरोस गाठायचं. सत्तर किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. दीड वर्ष हे चाललं होतं. सुई टोचलेल्या हातावर ओढणी गुंडाळून काकी येताना मागच्या सीटवर आडव्या होत आणि नांदगाव येईपर्यंत डोळे उघडत नसत.

काकी आत असायच्या ते चार तास सृष्टीचे. ओरोसला एके ठिकाणी साधं चार्जिंग मिळायचं, हळू भरणारं. तिथे गाडी लावून ती एखाद्या झाडाखाली डबा खायची. पण मे महिन्यातल्या त्या मंगळवारी साडेदहाला एक जोडपं भेटलं, मालवणला सोडाल का म्हणून. मालवण म्हणजे जाऊन येऊन सत्तर. सृष्टीने मनात हिशेब केला. येताना हायवेवरच्या जलद चार्जरवर अर्धा तास थांबायचं, मग काकींना उचलायचं. हे तिने आधी दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा जमलं होतं.

या वेळी नाही जमलं. जोडप्याला मालवणात खोली पसंत पडेना, मग तारकर्ली, मग परत मालवण. गाडीत एसी चालू. ती कसालला परत आली तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि लवूकाकांचा फोन आला की आज काकींचं बीपी उतरलं होतं, आता बरं आहे, पण लवकर ये. चार्जरकडे न वळता ती सरळ ओरोसला गेली. दोघांना घेऊन पुन्हा हायवेला लागली तेव्हा गाडीच्या पडद्यावर बॅटरी अकरा टक्के होती.

चार्जर एका हॉटेलच्या आवारात होता, कसालच्या अलीकडे. हिरव्या पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी, आणि शेडच्या तोंडाशी डाव्या बाजूला मशीन. मशीनला केबलच्या टोकाशी दोन चार्जिंग गन होत्या. एकीला महिनाभर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, ती बंद. दुसरी चालू.

सृष्टी आवारात शिरली आणि तिने ब्रेक दाबला. शेडमध्ये दोन गाड्या होत्या. मशीनच्या बाजूला एक काळी, उंच, नवी डिझेल गाडी, आणि तिच्या पलीकडे पांढरी जीप. दोन्ही बंद. दोन्हींच्या काचांना आतून टॉवेल लावलेले. चालू गन मशीनवर तशीच लटकत होती, कोणीही न वापरलेली.

"मशीन मोकळा आसा काय गो?" लवूकाकांनी विचारलं.

"मशीन मोकळा आसा. जागा नाय."

तिने एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि उतरली. बाहेर डांबर तापून त्याचा वास येत होता. मागे काकींनी डोळे न उघडताच ओढणीचं टोक तोंडावर घेतलं. त्यांना दिवसभरात पाणी मोजून, पेलाभर मिळे. उन्हाळ्यात कुणीही भेटलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे करी आणि काकी नुसते ओठ ओले करून तो परत देत. आता तर त्यांच्यात ओठ ओले करण्याचीही ताकद दिसत नव्हती.

काउंटरवर मंगेश होता, हॉटेलचा मॅनेजर. तो सृष्टीला ओळखत होता.

"काळी गाडी कोणाची?"

"भाईंची." त्याने आवाज खाली घेतला. "आणि जीप तेंच्या पावण्यांची."

"ती चार्जिंगची जागा आसा मां? मोठ्या अक्षरात लिवलेला आसा."

"आसा. पण सावली थंयच आसा मां. ते नेहमी थंयच लावतत."

"मगे तू तेंका सांगणस नाय?"

मंगेशने बिलाच्या पुस्तकाची पानं उलटली. "वायच थांब. आत्ताच ताटां वाढलंव. अर्ध्या-पाऊण तासात उठतले."

"माझ्या गाडयेत पेशंट आसा."

"म्हायत आसा गो. मी काय करू?"

सृष्टी आत गेली. कोपऱ्यात पंख्याखाली मोठं टेबल होतं. भाई मध्ये बसले होते, पन्नाशीचे, पांढरा झब्बा, गळ्यात जाड साखळी. ठेकेदारी, पंचायत समिती, आसपासच्या चार गावांतलं कुठलंही भूमिपूजन, सगळीकडे ते असत. समोर दोन पाहुणे, शहरातले वाटणारे. ताटात सुरमई होती. भाई त्यांच्याशी शुद्ध मराठीत रस्त्याच्या रुंदीकरणाविषयी बोलत होते.

सृष्टीही शुद्धच बोलली. "नमस्कार. बाहेर चार्जरसमोर तुमची गाडी आहे. माझ्या गाडीत डायलिसिस करून आलेल्या बाई आहेत आणि चार्ज संपत आलाय. गाडी बाजूला घेतलीत तर मी चार्जिंग सुरू करते."

भाईंनी तिच्याकडे वर पाहिलं. "खंयची गो तू?"

"जामसंड्याची."

"कोणाची?"

"शंकर मिठबावकरांची."

"शंकराची." त्यांनी मान डोलावली, जणू यात सगळं आलं. "मगे जामसंड्याक भरून इलं असतंस तर ह्यो ताप कित्याक झालो असतो?"

एक पाहुणा हसला. सृष्टीला ते लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं आणि ते या माणसाने बोलायचं काही कारण नव्हतं.

"चावी द्या. मी काढते. तुम्ही जेवा."

"माझ्या गाडयेक दुसऱ्याचो हात लागना नाय."

"मग कोणाला तरी पाठवा."

"जेवान होवंदे," भाई म्हणाले आणि माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "ताटावरसून उठवतंस काय माणसाक? वळण आसा काय नाय?" मग पाहुण्यांकडे वळून पुन्हा शुद्ध मराठीत, "हा चार्जर इथे आणला कोणी? आम्हीच. दोन वर्षं पाठपुरावा केला. आता लोक आम्हालाच नियम सांगतात."

ते खरं होतं. मशीनच्या मागे भिंतीवर संगमरवरी फलक होता आणि त्यावर भाईंचं नाव मशीनच्या नावापेक्षा मोठं होतं.

सृष्टी अजून थोडी उभी राहिली. बोलायला खूप होतं आणि काहीच सुचत नव्हतं. टेबलावरच्या तिघांनी बोलणं पुन्हा सुरू केलं, ती तिथे नसल्यासारखं. तेव्हा ती वळली.

बाहेर येऊन तिने मोबाइलवर कणकवलीचा चार्जर पाहिला. बंद दाखवत होता. तिथे फोन लावला, कोणी उचलला नाही. गाडीत लवूकाका हाताने काकींना वारा घालत होते. काकींच्या कपाळावर घाम नव्हता, आणि ते तिला जास्त वाईट वाटलं.

"जेवतत," ती म्हणाली.

लवूकाकांनी फक्त मान हलवली. ते आयुष्यभर बोटीवर होते, इंजिनरूममध्ये, आणि जामसंड्यात त्यांना मोठ्याने बोलताना कोणी ऐकलेलं नव्हतं.

मशीनच्या डाव्या बाजूला ट्रान्सफॉर्मरचं कुंपण होतं. गनची केबल शेडच्या तोंडापर्यंतच पोचत होती. म्हणजे गाडी चार्जिंगला लावायची तर एकच जागा उरली होती: शेडच्या तोंडाशी, दोन्ही गाड्यांच्या मागे, आडवी. सृष्टीने फार विचार केला नाही. गाडी सुरू केली, दोनदा मागे-पुढे केली आणि शेडचं तोंड बंद करून आडवी लावली. तिच्या मागच्या दारात आणि भाईंच्या बंपरमध्ये वीतभर अंतर राहिलं.

गन ओढली, लावली, कोड स्कॅन केला. मशीनमधला पंखा घरघरला. पडद्यावर अकराचे बारा झाले. तिने एसी सुरू केला, काचा चढवल्या आणि गाडीबाहेर, उन्हात, बॉनेटला टेकून उभी राहिली.   

एकोणतीस टक्क्यांवर भाई बाहेर आले. दात कोरत, पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून. शेडपाशी येऊन त्यांनी पाहिलं आणि दातकोरणं टाकून दिलं.

"गाडी काढ."

"चार्जिंगला लागलीय."

"काढ सांगतंय मी. चार वाजता बैठक आसा माझी ओरोसाक."

"अजून अर्धो तास," सृष्टी म्हणाली. आता ती मालवणीतच बोलत होती. "तुमचा जेवान झाला. माझ्या गाडयेचा होवंदे."

भाईंनी पुढे होऊन गन ओढली. ती हलली नाही. चार्जिंग चालू असताना गाडी गनला धरून ठेवते, हे ज्याने फलक लावला त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली, मग हँडल दाबून ओढली, आणि मग सोडून दिली. हॉटेलच्या पायरीवर पाचसात गिऱ्हाइकं येऊन उभी होती. एकाच्या हाताला अजून भात लागलेला होता.

"तुका म्हायत नाय तू कोणाच्या आड येतंस ता."

"तुमी कोणाच्या आड इलास ता तुमका म्हायत आसा? काचेतसून बघा. ती बाई सकाळपासून सुई टोचून घेवन पडलेली आसा. तुमका मी हात जोडून सांगलंय. दोन हात गाडी मागे घेवची होती. दोन हात. तुमी माका वळण शिकवलास."

"आवाज खाली."

"नाय."

तिने हे अगदी हळू म्हटलं. पायरीवर कोणीतरी खोकलं. भाईंचा चेहरा लाल होत होत काळसर झाला. ते मंगेशकडे वळले. "मंगेश, मेन पाड."

मंगेश पायरीवरून हलला नाही.

"बहिरो झालंस? चार्जरचो मेन पाड."

मंगेशने सृष्टीकडे पाहिलं नाही. तो आत गेला आणि थोड्या वेळाने मशीनचा पंखा थांबला. पडदा काळा झाला. तेहतीस टक्के.

 जवळच कुंपणाला टेकवलेली लोखंडी सळई होती आणि सृष्टीची नजर त्या सळईवरून भाईंच्या गाडीच्या मागच्या काचेवर गेली. ती काच कशी फुटेल, याचा आवाजसुद्धा तिला ऐकू आला. तेवढ्यात गाडीचं पुढचं दार उघडलं आणि लवूकाका उतरले.

त्यांनी धोतराचा सोगा नीट केला, दार हळू लावलं, आणि कोणाशीही न बोलता भाईंच्या बाजूने, गिऱ्हाइकांच्या मधून हॉटेलात गेले. भाईंना वाटलं असेल, म्हातारा लघवीला गेला. दोन मिनिटांनी मशीनचा पंखा पुन्हा घरघरला.

आत काय झालं ते सृष्टीला नंतर मंगेशने सांगितलं. लवूकाका स्वयंपाकघरामागच्या बोळात गेले, स्विचबोर्ड पाहिला, ज्यांची हयात इंजिनरूममध्ये गेली त्यांना कुठला मेन कशाचा हे विचारावं लागलं नाही. खटका वर केला आणि बोर्डाला पाठ लावून उभे राहिले.

"काका, बाजूक व्हा," मंगेश म्हणाला.

"नाय."

"माझी नोकरी जायत हो."

"तुझी नोकरी गेली तर दुसरी गावतली," लवूकाका म्हणाले. "माझी बायल गेली तर माका दुसरी गावाची नाय. हात लावन बघ."

मंगेशने हात लावला नाही. भाईही आत आले, बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. सत्तरीचा, काडीसारखा माणूस, आणि मागे जेवण टाकून उठलेली दहा माणसं बघतायत. भाईंनी फोन काढला, कोणाला तरी लावला, तो लागला नाही. ते परत बाहेर आले.

सृष्टीने पुन्हा कोड स्कॅन केला. आकडा पुढे सरकू लागला.

एक पाहुणा म्हणाला, "भाईसाहेब, आपण रिक्षा करून जाऊ की." भाई म्हणाले, "रिक्षानं? मी?" आणि प्लास्टिकची खुर्ची मागवून शेडच्या कडेला, सावलीत, आपल्याच गाडीजवळ बसले. फोन वाजला की "हो, वाटेतच आहे" म्हणत. पाहुणे फणसाखाली उभे राहून मोबाइल बघत होते. गिऱ्हाइकं एकेक करून आत गेली, पण खिडकीतून बघत राहिली. भाई अधूनमधून सृष्टीकडे बघून म्हणत, "तुझा परमिट बघतंय मी. गाडी रस्त्यावर कशी फिरवतंस ता बघतंय."  सृष्टीने घड्याळ पाहिलं. पावणेचार. भाईंची बैठक आता बुडत होती आणि तिला ते गोड वाटत होतं. किती दिवसांत असं गोड काही वाटलं नव्हतं.

पन्नास टक्के झाले. घरापर्यंत पुरेल, थोडं शिल्लक राहील. ती हलली नाही.

चोपन्न झाले तेव्हा एक छोटी निळी गाडी आवारात शिरली, तिच्यासारखीच हिरव्या नंबरप्लेटची. गाडीतून एक बाई उतरली, पस्तिशीची, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि तिच्यामागे सात-आठ वर्षांची मुलगी. बाईने शेडकडे, आडव्या गाडीकडे, खुर्चीवरच्या भाईंकडे पाहिलं. काय चाललंय ते तिला कळेना. ती सृष्टीजवळ आली.

"ताई, किती वेळ लागेल अजून? माझे पाच टक्के राहिलेत. इन्सुलीला जायचंय."

"ऐंशीपर्यंत लावलीय," सृष्टी म्हणाली. "होवंदे."

तिचा आवाज सपाट आला. बाईने एकदा मशीनकडे पाहिलं. "बरं," म्हणून मुलीचा हात धरून परत गेली. गाडीत गरम होत असावं, कारण दोघी बाहेरच उभ्या राहिल्या, फणसाची सावली पाहुण्यांनी घेतली होती म्हणून उन्हातच. बाईने छत्री उघडली. मुलीचं नाव रिया असावं, कारण बाई तिला म्हणत होती, "रिया, थोडंच थांबायचं हां."

सृष्टी भाईंकडे बघत राहिली. छप्पन्न. सत्तावन्न.

मागची काच अर्धी खाली झाली. काकींनी डोळे उघडले होते. एसीने त्यांच्या तोंडावर थोडा रंग आला होता.

"सृष्टी."

"काय गो काकी? बरा वाटता?"

"घराक पोचाक पुरे ना आता?"

सृष्टीला खोटं बोलता आलं नाही. "पुरे."

"मगे कित्याक थांबलंव आपण?"

"तेका बसवन ठेवक."

काकींनी खुर्चीवरच्या भाईंकडे पाहिलं, बराच वेळ, चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक करून. मग छत्रीकडे पाहिलं. "तो बसलो हा सावलेत," त्या म्हणाल्या. "उन्हात ती रवली हा. तिना तुझा काय केल्यान?"

"काकी, तुका म्हायत नाय तो काय काय बोललो ता."

"सगळा ऐकलंय. झोपाक नव्हतंय मी." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाल्या, "माका घराक जावचा आसा गो."

सृष्टी जागची हलली नाही. तिला काकींचा राग आला. दीड वर्षात पहिल्यांदा आला. एवढं सगळं कोणासाठी केलं मग? पण ते तोंडावर येण्याआधीच तिला कळलं की पन्नास टक्क्यांनंतरचं काहीही काकींसाठी केलेलं नव्हतं. छत्रीखालची मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

तिने मोबाइलवर चार्जिंग थांबवलं. गन सुटल्याचा खटका झाला. गन मशीनवर टांगताना दोनदा निसटली. मंगेशने बोळातून लवूकाकांना बोलावून आणलं. ते आले, पुढे बसले. सृष्टीने गाडी पुढे घेतली आणि शेडचं तोंड मोकळं झालं.

भाई उठले. घाई न करता उठले, खुर्ची पायाने सरकवली. तिच्या खिडकीशी येऊन वाकले. "परत हंय दिसलंस तर याद राख."

"शुक्रवारी येतंय," ती म्हणाली.

काळी गाडी निघाली, मागोमाग जीप. धूळ उडाली. निळ्या गाडीची बाई गाडी शेडमध्ये घेताना सृष्टीकडे बघून हात वर करून काहीतरी म्हणाली, थँक्यू असावं. सृष्टीने काच चढवली. तिला त्या आभारांची लाज वाटली आणि लाजेचाही राग आला. तो माणूस निघून गेला होता. माफी नाही, काही नाही. उद्या परवा तो हे चार जणांत सांगेल आणि त्यात ती एक उद्धट मुलगी असेल.

कणकवली गेली. काकी झोपल्या. नांदगावला हायवे सोडून गाडी देवगडच्या रस्त्याला लागली. मग लवूकाका समोर बघतच म्हणाले, "सकाळी चार तास होते तुझ्याकडे. गाडी भरूक कित्याक नाय?"

"मालवणचा भाडा गावला."

"आमका सांगूक नाय तू."

"नाय."

 तळेबाजार मागे पडलं. "भाडा घे," ते म्हणाले. "तुका पोट आसा, माका कळता. पण हिका न्हेतंस त्या दिवशी नको. जमाचा नाय तर आताच सांग, मी दुसरी गाडी बघतंय."

मघाशी बोळात उभा राहिलेला माणूस तोच होता, आवाज उंच नाही, कमी नाही. सृष्टीच्या ओठांवर आलं की बघा, या दराने कोण येतंय बघू, एसी लावून कोण नेतंय बघू. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"त्या दिवशी परत भाडा घेवची नाय," ती म्हणाली.

"बरा," लवूकाका म्हणाले.

बुधवारी रात्री जेवताना वडलांना फोन आला. भाईंचा नाही, भाईंच्या कोणा माणसाचा. शंकर मिठबावकर फोनवर दहा मिनिटं "हो, हो, सांगतंय तिका" एवढंच म्हणत होते. फोन ठेवून ते ताटाकडे वळले आणि म्हणाले, "चेडवाच्या जातीन सांभाळून रवाचा." सृष्टी ताटावरून उठली. वडलांनी एकदा तरी विचारावं की काय झालं होतं, एवढंच तिला हवं होतं. आईने हाक मारली, पण ती पडवीत जाऊन अंधारात बसून राहिली.

शुक्रवारी काकींना ओरोसला आत सोडल्यावर ती जेवणाच्या वेळेला, साडेबारानंतर, सरळ हॉटेलकडे निघाली. ओरोसचं हळू चार्जिंग त्या दिवशी मोकळं होतं, तिथे लावता आली असती. पण ती येतंय म्हणाली होती. वाटेत ती मनात बोलत होती. भाई असतील तर काय म्हणायचं, भाईंचा माणूस असेल तर काय, मंगेशने अडवलं तर काय. मंगळवारी न सुचलेली सगळी वाक्यं आता एकामागून एक येत होती, धारदार, हवी तशी.

शेडमध्ये गाडी होती. काळी नाही, लाल, छोटी, पेट्रोलची. मशीनच्या अगदी समोर.

ती आत गेली. मंगेश काउंटरवर होता. त्याने तिला पाहून तोंड वाकडं केलं. "भाई येवचे बंद झाले," तो म्हणाला. "मालक माझ्यावर ओरडता. तुझ्यामुळे."

"लाल गाडी कोणाची?"

त्याने नुसती हनुवटी वळवली. खिडकीजवळच्या टेबलावर तिशीचा एक माणूस आईवडलांबरोबर जेवत होता. सृष्टी टेबलापाशी जाऊन उभी राहिली. खांदे आपोआप ताठ झाले.

"बाहेरची लाल गाडी तुमची?"

"हो. कित्याक?"

"ती चार्जिंगच्या जागेत लावलीय तुम्ही."

"अरे," तो म्हणाला आणि उठलाच. "माका कळाकच नाय ओ ताई. सावली बघून लावलंय." उजवा हात बरबटलेला होता, म्हणून डाव्या हाताने खिशातली चावी काढायची त्याची धडपड चालली होती. चावी निघाली. तो तिच्या पुढून बाहेर गेला सुद्धा.

सृष्टी टेबलापाशीच राहिली. त्या माणसाची आई तिला म्हणाली, "बस गो, उन्हातसून इलंस," आणि बाजूची खुर्ची सरकवली. सृष्टीला काय करावं कळेना. वाटेत जमवलेली सगळी वाक्यं अजून ओठांवर होती आणि ती सुनावण्यासारखं इथे कोणी नव्हतं. "नको," ती म्हणाली, जरा जास्तच तुटक, आणि बाहेर आली.

लाल गाडी उन्हात गेली होती. तिने आपली शेडमध्ये घेतली, सरळ, आणि गन लावली. मग आत बसून सीट मागे केली.  तिने डबा उघडला, पण खाववेना, म्हणून झाकण लावून नुसती आकड्याकडे बघत बसली.

अडीचला ती ओरोसला पोचली. लवूकाका काकींना धरून दारात उभे होते. काकींना मागे आडवं करून झाल्यावर ते पुढे बसले आणि पट्टा ओढताना त्यांनी पडद्यावर नजर टाकली.

"भरलंस?"

"ऐंशीपर्यंत."

"त्रास दिलो कोणी?"

"नाय," सृष्टी म्हणाली आणि गाडी रस्त्यावर घेतली.